रात्रीचा दरबार

माझा भाचा खारघरला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या रविवारी फोनबिन न करता नेरूळला आमच्याकडे टपकला आणि पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणाला, "मामा, तू अमेरिकेत होतास तेव्हा ते व्हॅम्पायरवालं लार्प खेळायचास ना? आम्ही कॉलेजमधले दहा-बारा जण मिळून इथे सुरू करतोय. तू प्रिन्स हो."

आतून बायको म्हणाली, "या वयात?"

मी त्याला नुसतं "बघू" म्हणालो. मुलगा हिरमुसला. आठवडाभर तेच डोक्यात घोळतंय, म्हणून शेवटी लिहायला बसलो.

लार्प म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संहिता नसलेलं आणि प्रेक्षक नसलेलं नाटक समजा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि चार-पाच तास त्या पात्रासारखं वागायचं, बोलायचं. पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नसतं. 'व्हॅम्पायर: द मास्करेड' हा खेळ मार्क राइन-हेगन या माणसाने १९९१ साली काढला, अमेरिकेतल्या व्हाइट वुल्फ नावाच्या कंपनीतर्फे. मुळात तो टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा. १९९३ मध्ये त्याची उभ्याने, हिंडूनफिरून खेळायची आवृत्ती आली. तिच्यात फासे गेले आणि त्यांच्या जागी दगड-कागद-कात्री आली. चारशे वर्षांचा व्हॅम्पायर आणि त्याचा तितकाच जुना वैरी गंभीर चेहऱ्याने समोरासमोर उभे राहून दगड-कागद-कात्री करतायत हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. कुणी छातीवर हातांची फुली करून चाललं असेल तर तो अदृश्य आहे, त्याच्याकडे बघायचं नाही. कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, हत्यार आणायचं नाही. बाकी सगळं बोलणं.

२००३ साली मी न्यू जर्सीत एका प्रोजेक्टवर होतो. शेजारच्या क्यूबिकलमध्ये एक अमेरिकन पोरगा बसायचा. मला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून तो रोज मला घरून उचलायचा आणि संध्याकाळी सोडायचा. पेट्रोलचे पैसे द्यायला गेलो की हसायचा. त्यानेच एका शनिवारी मला तिथे नेलं. भाड्याचा हॉल, खिडक्यांना काळे पडदे, कोपऱ्यात चिप्स आणि कोक. मला वाटलं होतं, सुळेबिळे लावून एकमेकांच्या मानेला चावत असतील. तसलं काही नव्हतं. होता तो चक्क दरबार.

या खेळातल्या प्रत्येक शहराला एक प्रिन्स असतो. बाई असली तरी तिला प्रिन्सच म्हणतात. त्याच्याभोवती वेगवेगळ्या कुळांच्या म्हाताऱ्यांचं मंडळ. एक सेनेशल, म्हणजे कारभारी. एक शेरीफ, म्हणजे कोतवालच म्हणा. आणि हार्पी नावाचं एक पद असतं. कुणी कुणाचा अपमान केला, कुणाची पत वाढली, कुणावर कुणाचं काय देणं आहे, हे लक्षात ठेवणं आणि चारचौघांत बोलून दाखवणं हे तिचं काम. नवीन माणूस शहरात आला की त्याने आधी प्रिन्ससमोर हजर होऊन आपलं नाव, आपलं कुळ, आपल्याला कुणी व्हॅम्पायर केलं हे सांगायचं. न सांगता राहिला तर तो गुन्हा. नव्याने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

त्या अमेरिकन मुलांना हे सगळं समजून घ्यायला जाडजूड पुस्तकं वाचावी लागत होती. मला पहिल्या तासाभरात कळलं. अहो, चौथी-पाचवीपासून आपण हेच तर पाठ करत आलोय! साताऱ्याला छत्रपती, पुण्याला पेशवे, आणि पेशवाईची वस्त्रं मात्र साताऱ्याहून यायला हवीत. १७७३ च्या ऑगस्टमध्ये नारायणरावाचा शनिवारवाड्यात खून झाला, आणि पुढच्या वर्षी सखारामबापू, नाना फडणीस वगैरे बारभाईंनी त्याच्या मागे जन्मलेल्या चाळीस दिवसांच्या पोराच्या नावाने वस्त्रं आणवली. गादीवर कोण बसलंय आणि कारभार कोण करतंय या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. शिवाय त्या वाड्यात अमावस्येला अजून हाका ऐकू येतात म्हणतात. म्हणजे दरबार, कट, खून आणि भूत, सगळं एकाच पत्त्यावर. व्हाइट वुल्फवाल्यांना हे कुणीतरी कळवायला हवं होतं.

पण एक फरक आहे, आणि माझ्या मते त्या खेळातली सगळ्यात हुशार गोष्ट तीच. माणसांच्या सरंजामशाहीत सरदार कधी ना कधी मरतो. तो मेला की वारस भांडतात, कारभारी बदलतात, एखाद्या धाकट्याचं नशीब उघडतं. व्हॅम्पायरांच्या राज्यात कुणी मरतच नाही. दोनशे वर्षांपूर्वी जो खुर्चीवर बसला तो अजून तिथेच आहे. त्याला व्हॅम्पायर करणारा त्याच्याहून म्हातारा, आणि तोही आहेच. तुम्ही आज रात्री आलात तर तुमच्यापुढची रांग हलणारच नाही. मग धाकट्यांनी करायचं काय? दोनच वाटा उरतात. एक तर म्हाताऱ्यांचे उपकार घेत घेत वर सरकायचं, नाहीतर कट करायचा.

आता हे उपकार. खेळात त्याला 'बून' म्हणतात. तुम्ही माझं काम केलंत, मी तुमचा देणेकरी. हार्पीच्या वहीत नोंद. उपकाराच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. अगदी किरकोळ, मग लहान, मग मोठा, असं करत करत शेवटी जीव वाचवल्याचा. देणं फेडलं नाही तर पत गेली, आणि पत गेली की दरबारात तुम्हाला कुत्रं विचारत नाही. यात गंमत अशी की हा उपकार हुंडीसारखा फिरतो. मी तुमचं देणं लागतो, पण तुम्ही ते तिसऱ्याला विकू शकता. मग तो तिसरा, ज्याचं मी कधी मीठ खाल्लं नाही, माझ्या दारात उभा राहून म्हणतो, चला, फेडा.

माझं नेमकं तेच झालं. मी अगदी तळाचा, कालच आलेला. तिसऱ्या-चौथ्या खेळात माझं पात्र मरायला टेकलं आणि सेनेशलने वाचवलं. झालं, जिवाचं देणं डोक्यावर बसलं. दरम्यान माझ्या त्या क्यूबिकलवाल्या मित्राचं पात्र प्रिन्सला उलथवायच्या तयारीत होतं, आणि त्याने ते विश्वासाने मला सांगितलं होतं. गाडीत सांगितलं, मंगळवारी ऑफिसला जाताना. पुढच्या खेळाला सेनेशलने माझं देणं प्रिन्सला विकलं होतं. प्रिन्सने मला भर दरबारात उभं केलं आणि विचारलं, तुला काय माहीत आहे?

मी सांगितलं.

नियमाप्रमाणे सांगायला हवं होतं का? हो. माझ्या पात्राने दुसरं काही करणं शक्य होतं का? होतं. देणं बुडवायचं, पत घालवायची, कदाचित मरायचं. अर्ध्या तासात मला नवीन पात्र मिळालं असतं. पण त्या क्षणी हे सुचलंच नाही. पन्नास माणसं बघत होती, एक जण उंच खुर्चीवर बसला होता, आणि मी देणेकरी होतो. प्रिन्सने मित्राच्या पात्रामागे सगळं शहर लावलं. दोन वर्षं खेळवलेलं त्याचं पात्र त्या रात्री संपलं.

खेळानंतर सगळे मिळून डायनरमध्ये जायची पद्धत होती. तो हसला, माझ्या पाठीवर थाप मारली, "मस्त खेळलास" म्हणाला. सोमवारी सकाळी मी नेहमीच्या वेळी खाली जाऊन उभा राहिलो. तो आला नाही. दुपारी म्हणाला, आता माझा रस्ता बदललाय. नंतरचे चार महिने मी दोन बस बदलून ऑफिसला गेलो.

पात्राच्या मनातलं खेळणाऱ्याच्या मनात झिरपणं, याला लार्पवाल्यांमध्ये 'ब्लीड' म्हणतात, रक्त वाहणं. त्यावर ते बरंच लिहितात, खेळानंतर अर्धा तास गप्पा मारा, मन मोकळं करा वगैरे. ठीक आहे. पण मला वाटतं झिरपण्याची ती एक बाजू झाली. बाहेरचं आत झिरपतं ते जास्त. त्या काळी जगभर पसरलेला 'कॅमरिला' नावाचा मोठा क्लब होता, त्यात क्लबसाठी राबणाऱ्या सभासदाला गुण मिळायचे. खेळ आयोजित करणं, समाजसेवा, कागदपत्रं सांभाळणं, सगळ्याचे गुण. गुणांवरून दर्जा ठरायचा, आणि दर्जा वाढला की खेळात अधिक ताकदवान पात्र घेता यायचं. हेतू चांगला होता हो. काम करणाऱ्याला काहीतरी मिळायला हवं. पण बघा काय झालं. खुर्च्या मांडणारे सेवेकरी हळूहळू सरदार झाले, आणि काल आलेला पोरगा खोट्या दरबारातही आणि खऱ्या क्लबातही तळाशीच राहिला. तुम्ही सरंजामशाहीचं नाटक करायला बसलात आणि नाटक बसवणारी मंडळीच सरंजाम वाटून मोकळी झाली.

२००४ मध्ये कंपनीनेच त्या काल्पनिक जगात जगबुडी आणली आणि त्याच वर्षी 'व्हॅम्पायर: द रेक्वियम' हा नवा खेळ काढला. त्यात तर सरंजामी व्हॅम्पायरांचा 'इन्व्हिक्टस' नावाचा स्वतंत्र पंथच आहे. पण मी तोपर्यंत जाणं सोडलं होतं. पुढच्या वर्षी परत आलो.

आईचं गाव वेंगुर्ले तालुक्यात. तिथून आरवली जवळ. आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचा घड आणि चामड्याच्या चपला वाहतात, ही थोरली पायताणं. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, त्यामुळे चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. वेताळ भुतांचा राजा. त्याच्या हाताखाली देवचार, खवीस, मुंजा, समंध, हडळ, प्रत्येकाची जागा ठरलेली. मुंजा पिंपळावर, ज्याची मुंज होऊन लग्न व्हायचं राहिलं तो. ब्राह्मण मेला तर त्याचा ब्रह्मसमंध वेगळा. लहानपणी मी आजीला विचारलं होतं की मेल्यावरही जात असते का? तिने कंदिलाची वात कमी केली आणि म्हणाली, झोप आता. पाटीलकी, कुळकर्णाची वतनं कायद्याने केव्हाच गेली. तरी पालखीला पहिला खांदा कुणाचा, नारळ आधी कुणाच्या हाती, यावरून होणारी भांडणं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. न्यू जर्सीतल्या मुलांना जो दरबार परीकथा वाटत होता, तो आमच्याकडे दर जत्रेला भरतो.

पण नवी मुंबईत तसं नाही, असं मी बरीच वर्षं मानत होतो. सिडकोने आखलेलं शहर. पन्नास वर्षांपूर्वी इथे खाडी, मिठागरं, भातशेती आणि आगरी-कोळ्यांची गावं होती. आमच्यासारखी बिल्डिंगीत राहणारी सगळी बाहेरून आलेली, कुणाचा मान नाही, कुणाची पालखी नाही. सोडतीत घर लागलं, आलो. आमच्या सोसायटीत मल्याळी, गुजराती, तमिळ, पंजाबी, मराठी सगळे आहेत. इथे कसली आलीय सरंजामशाही?

२०१४ साली एका रात्री अडीच वाजता बाबांच्या छातीत कळ आली. लिफ्ट बंद होती. आमचे चेअरमन खाली आले, स्वतः बाबांना खुर्चीवर बसवून वॉचमनच्या मदतीने तिसऱ्या मजल्यावरून उतरवलं, स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं आणि सकाळी सातपर्यंत माझ्याबरोबर बसून राहिले. बाबा त्यानंतर पाच वर्षं जगले. त्या माणसाबद्दल मी वाईट बोलणार नाही. तेव्हाही ते चेअरमन होते, आजही आहेत. समितीची मुदत पाच वर्षांची असते, पण दर वेळी दुसरं कुणी उभंच राहत नाही.

तीन वर्षांनी आमच्या विंगमध्ये तीन मुली भाड्याने राहायला आल्या. नर्सेस होत्या. एकीची रात्रपाळी, दुसरीची पहाटे, अशा त्यांच्या वेळा. रात्री एक वाजता रिक्षा थांबायची, गेट वाजायचं. वर्षभरात कुणाला त्यांचा आवाजसुद्धा ऐकू आला नसेल. पण सर्वसाधारण सभेत विषय निघाला. स्टिल्टमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, वेफर्स. "रात्री-बेरात्री येणं-जाणं" हे शब्द वापरले गेले. ठराव असा की यापुढे कुटुंबाशिवाय कुणाला भाड्याने ठेवायचं नाही, आणि त्या घरमालकाला करार वाढवू नका असं पत्र द्यायचं. असा ठराव कायद्यापुढे कितपत टिकला असता याची मला तेव्हाही शंका होती. फाईल माझ्या हातात होती, कारण त्या वर्षी मी समितीवर होतो. चेअरमननीच घेतलं होतं मला.

सभेच्या आधी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही आहात ना आपल्याबरोबर?" एवढंच. बाबांचा उल्लेख त्यांनी तेव्हा केला नाही, कधीच केला नाही. गरज नव्हती.

मी हात वर केला. आणि वर केलेल्या हाताकडे बघताना मला तो काळ्या पडद्यांचा हॉल आठवला. तीन मुलींपैकी एक जण जिन्यापाशी उभी होती, ड्यूटीला निघाली असावी. तिने खुर्च्यांकडे एकदा बघितलं आणि गेटबाहेर गेली. महिनाअखेरीस त्यांनी घर सोडलं. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा रात्रभर त्यांच्या उशाशी अशाच कुणीतरी नर्सेस उभ्या होत्या, हे मला सभेत सुचलं नाही. नंतर बाबांनीच सुनावलं. "त्या पोरींना का काढलंत रे?" मी म्हटलं, ठराव झाला. ते पेपर वाचायला लागले.

तर आता भाच्याला काय सांगू?

बहिणीचं म्हणणं, परकीय थेरं आहेत, अभ्यास करा. ते मला पटत नाही. ढोंगी दरबार भरवून खेळणं ही चांगली गोष्ट आहे, आणि आपल्याकडे तर फारच चांगली. उंच खुर्चीवर बसून बघितल्याशिवाय कळत नाही की तिथे बसणारा किती घाबरलेला असतो. प्रिन्सला झोप नसते, कारण त्याची सगळी सत्ता इतरांच्या देण्यांवर उभी असते, आणि उद्या सगळ्यांनी एकदम देणं नाकारलं तर त्याच्याकडे काहीच उरत नाही. हे पुस्तकात वाचून कळत नाही. आणि न्यू जर्सीच्या त्या रात्री मी देणं बुडवून बघितलं असतं, खेळात, फुकटात, तर स्टिल्टमधल्या सभेत निदान एवढं तरी माहीत असतं की बुडवता येतं, आणि त्यानंतरही माणूस जिवंत राहतो. खेळाने मला शिकवायची संधी दिली होती. मी तिथेही आज्ञाधारकच निघालो.

म्हणून मी भाच्याला फोनवर तीन अटी सांगितल्या. प्रिन्स मी नाही, कुणीच कायमचा नाही, दर वेळी चिठ्ठ्या टाकायच्या. जुन्या खेळाडूला जुना म्हणून काही जास्त द्यायचं नाही, खुर्च्या लावणाऱ्याला फक्त चहा. आणि वही त्याच रात्री फाडायची, कुठलंही देणं पुढच्या खेळात न्यायचं नाही.

पहिल्या दोन त्याने ऐकून घेतल्या. तिसरीवर म्हणाला, "मामा, मग मजा काय? पुढच्या महिन्यात लोक परत येतात ते सूड घ्यायलाच ना! वही फाडली तर तो दरबार कसला, ती नुसती फॅन्सी ड्रेस पार्टी." त्याच्याकडे २०१८ ची पाचवी आवृत्ती आहे, ती त्याने कोळून प्यायलीय. आणि त्याचं चूक नाही. आठवण नसेल तर दरबार उभाच राहत नाही. मी म्हटलं, मग निदान उपकार विकायला बंदी घाल, ज्याचं खाल्लं त्यालाच फेडायचं. तो म्हणाला, विचार करतो.

मग जरा घुटमळून म्हणाला, "मामा, अजून एक होतं. आमच्या बिल्डिंगची गच्ची मिळत नाहीये. तुमची मिळेल का? शनिवारी रात्री नऊ ते एक. आवाज नाही करणार."

गच्चीची चावी चेअरमनकडे असते. "तू फक्त एकदा बोल ना त्यांच्याशी," भाचा म्हणाला, "तुला ते नाही म्हणणार नाहीत."

नाही म्हणणार नाहीत, हे मलाही माहीत आहे. बुधवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. त्यांनी विचारलं, काय म्हणताय, सगळं ठीक? मी म्हटलं, ठीक. तिसरा मजला आला आणि मी उतरलो.